शनिवारची गोळी, रविवारची मिस्सा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे: "वय ३६, लग्न झालेलं, दोन लहान मुलं. जन्माने कॅथलिक, चर्चमधली रविवारची मिस्सा (उपासना) सहसा चुकवत नाही. आम्ही राहतो तिथे प्रौढांसाठी गांजा आता कायदेशीर आहे. गेले सहा महिने शनिवारी रात्री मुलं झोपली की मी दुकानातून आणलेली, टीएचसीची (गांजातला नशा आणणारा घटक) १० मिलिग्रॅमची एक गमी, म्हणजे चघळायची गोड गोळी, खातो, गाणी ऐकतो आणि झोपतो. ओढत नाही, त्या रात्री गाडीला हात लावत नाही, बाकी आठवडाभर काही घेत नाही. बायको म्हणते, हे पाप आहे, कन्फेशनला जा, फादरसमोर कबूल कर. भाऊ म्हणतो, येशूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, मग एवढ्याशा गोळीचं काय घेऊन बसलायस! मी कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, चाळला, त्यात गांजा हा शब्दच नाही. मी चुकतोय का? रविवारी कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) घेऊ की नको? आणि कन्फेशनला गेलोच, तर नेमकं सांगायचं काय?"

नमस्कार.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. मौजेखातर, अंमल चढावा म्हणून गांजा घेणं कॅथलिक शिकवणुकीत बसत नाही. तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. मात्र एवढ्यावरून सहा महिन्यांतला प्रत्येक शनिवार मॉर्टल, म्हणजे अतिगंभीर, पापाच्या खात्यावर टाकायची घाई करू नका. कृत्य गंभीर आहे का, आणि ते करणाऱ्याच्या माथी दोष किती, हे ख्रिस्तसभा दोन वेगळ्या मापांनी मोजते. तुमच्या पत्रात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू.

कॅटेकिझममध्ये गांजा हा शब्द नाही, हे खरं आहे. कोकेन हा शब्दही नाही आणि हेरॉइनही नाही. नावांची यादी करायचा तो ग्रंथच नव्हे. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो जाहीर केला आणि १९९७ साली त्याची अधिकृत लॅटिन आवृत्ती आली. त्यातले २२९० आणि २२९१ हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचा. दोन्ही पाचव्या आज्ञेखाली येतात, 'खून करू नको' या आज्ञेखाली, कारण आरोग्याची काळजी हा जीव जपण्याचाच भाग धरला आहे. २२९० सांगतो, संयम पाळा, अन्न, दारू, तंबाखू आणि औषधं यांचा अतिरेक टाळा. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या धुंदीत रस्त्यावर स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याचा दोष गंभीर आहे, असंही तिथेच म्हटलंय.

पुढच्याच परिच्छेदात शब्द बदलतो. २२९१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिरेकाची भाषा नाही, सेवनाची आहे. त्यांच्या सेवनाने आरोग्याची आणि जीविताची फार मोठी हानी होते, आणि निव्वळ उपचाराचं कारण सोडलं तर ते सेवन हा गंभीर अपराध आहे, असं तो म्हणतो. वाइनला 'किती' असं विचारलंय, इथे 'कशासाठी' असं विचारलंय. तुमच्या भावाचा अख्खा युक्तिवाद 'किती'वर उभा आहे: एवढीशी गोळी, आठवड्यातून एकदा. पण या परिच्छेदात प्रमाणाची सूट कुठेही दिलेली नाही. एकच दार उघडं आहे, उपचाराचं. त्याकडे पुढे येतो, कारण त्या दारातून बरेच जण चोरपावलांनी आत शिरतात.

मग वाइनला वेगळा न्याय का? हा प्रश्न रास्त आहे आणि 'परंपराच तशी आहे' एवढ्यावर तो मिटवू नये. धर्मग्रंथात वाइनबद्दल चांगलं बरंच आहे. स्तोत्र १०४ म्हणतं, द्राक्षारस माणसाचं मन आनंदित करतो. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात बेताने घेतलेल्या द्राक्षारसाचं कौतुक आहे. प्रेषित पौल आपल्या तीमथ्य या शिष्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि तोच पौल इफिसकरांना बजावतो की द्राक्षारसाने मस्त होऊ नका. म्हणजे रेघ आहेच, ती पेल्यावर नसून नशेवर ओढलेली आहे.

ती रेघ नेमकी कुठे, हे सर्वांत नेटकेपणाने मांडलं तेराव्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी. त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात १५०वा प्रश्न दारूच्या नशेवर आहे. त्यात ते तीन माणसं वेगळी काढतात. पहिल्याला आपण जास्त पितोय हेही कळलेलं नाही आणि पेय इतकं कडक आहे हेही ठाऊक नाही; त्याला नशा झाली तरी पाप नाही. दुसऱ्याला प्रमाण जास्त होतंय हे कळतं, पण याने नशा होईल याची कल्पना नाही. त्याचं पाप हलकं. तिसऱ्याला दोन्ही कळतं, आणि तरी न पिण्यापेक्षा नशा झालेली परवडली असं तो ठरवतो. त्याचं पाप मॉर्टल. कारण बुद्धीच्या जोरावर माणूस भलं निवडतो आणि पाप टाळतो, ती बुद्धी तो जाणूनबुजून बाजूला ठेवतो. अक्वायनस यांच्यासमोर गांजाचा प्रश्न नव्हता, पण कसोटी पेयाची नाहीच, बुद्धीची आहे. त्यामुळे ती गोळीलाही जशीच्या तशी लागू पडते.

आता ही कसोटी तुमच्या शनिवारवर लावून पाहा. जेवताना एक पेला वाइन घेणाऱ्याला जे हवं असतं, म्हणजे चव, जेवणाची जोड, गप्पांची ऊब, ते त्याला डोकं ठिकाणावर असतानाच मिळतं. तो नशेच्या अलीकडे थांबला तर त्याचं काही बुडत नाही. तुम्ही मात्र गोळी अलीकडे थांबण्यासाठी घेत नाही. गमीच्या चवीसाठी कुणी दुकानात जात नाही, चवच हवी असती तर साधी गमी स्वस्तात मिळते. तुम्हाला हवं आहे ते रेघेच्या पलीकडचंच: वेळ ताणल्यासारखा वाटणं, गाण्यातला एकेक सूर सुटा ऐकू येणं, विचारांची साखळी सैल पडणं. हे अनुभव वाईट वाटतात असं आम्ही म्हणत नाही, छानच वाटत असणार. मुद्दा एवढाच की इथे नशा चुकून होत नाही, ती मागवलेली असते.

हाच न्याय उलट्या बाजूनेही लागतो, हे तुमच्या भावाला सांगायला हरकत नाही. शनिवारी तर्र होण्यासाठीच बाटली उघडणारा माणूस काना गावच्या लग्नाचा दाखला देऊन सुटत नाही. त्याचं आणि गोळीवाल्याचं पारडं सारखंच आहे.

दहा मिलिग्रॅम म्हणजे किती, हेही बघा, कारण 'एवढीशी' हा शब्द वजनाला धरून आहे, परिणामाला धरून नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने २०२१ साली संशोधनासाठी टीएचसीचं प्रमाण एकक ५ मिलिग्रॅम ठरवलं. म्हणजे तुमची एक गमी दोन एककांची. सवय नसलेल्या माणसाला १० मिलिग्रॅममध्ये नुकतंच वाचलेलं आठवायला जड जाऊ शकतं, प्रतिक्रिया मंदावू शकते, लक्ष एका जागी टिकेनासं होऊ शकतं. तुम्हाला आताशा तेवढं जाणवत नसेल, तर शरीर सरावल्याची ती खूण आहे.

खाल्लेल्या गांजाची चाल ओढलेल्यापेक्षा वेगळी असते, आणि घोळ बहुतेक इथेच होतात. धूर फुप्फुसातून रक्तात जातो, काही मिनिटांत अंमल चढतो आणि दोन-चार तासांत बराचसा उतरतो. गमी पोटातून यकृताकडे जाते. तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि तेही मेंदूवर जोरकस काम करतं. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, दोन ते चार तासांनी तो भरात असतो, आणि पुरता उतरायला आठ तास, कधी बारा तासही लागतात. भरल्या पोटी आणखी उशीर. 'काहीच होत नाहीये' म्हणून तासाभरात दुसरी गोळी खाणारे याच उशिराने फसतात: दोन्ही एकदम चढतात, छाती धडधडते, घबराट सुटते, उलट्या होतात, काहींना भास होतात. अक्वायनस यांच्या पहिल्या माणसासारखं 'मला माहीत नव्हतं' हे एकदा म्हणता येईल. पाकिटावर सगळं छापलेलं असताना दर शनिवारी नाही.

'त्या रात्री गाडीला हात लावत नाही' असं तुम्ही लिहिलंत. चांगलं आहे. पण घरात दोन लहान मुलं आहेत. रात्री दहाला गोळी घेतलीत आणि दीड वाजता धाकट्याला १०४ ताप चढला, तर त्या क्षणी तुमचा अंमल भरात असेल. गाडी चालवता येणार नाही, औषधाचा डोस मोजताना चूक होईल, डॉक्टरला फोनवर धड काही सांगता येणार नाही. त्या रात्री पत्नीही दमलेली किंवा घराबाहेर असेल, तर घरात जागं डोकं कुणाचं? नैतिक प्रश्नात परिस्थितीही धरायची असते, तिचा अर्थ हा. आणि रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला तुम्हीच सगळ्यांना घेऊन निघत असाल, तर कधीकधी अंमल उरलेला असतानाच स्टेअरिंग हातात घेत असाल. २२९० मध्ये रस्त्याबद्दल जे लिहिलंय ते इथे लागू होतं, आणि त्याला गमी कायदेशीर असण्या-नसण्याशी काही देणंघेणं नाही.

कायद्याचं थोडक्यात आटोपतं. तुमच्याकडे गांजा कायदेशीर झाल्याने कायदा मोडण्याचा दोष आणि बेकायदा धंद्याला पैसे पुरवण्याचा दोष, हे दोन्ही तुमच्या बाबतीत गळून पडतात. जिथे तो बेकायदा आहे तिथे ते मूळ दोषात भर घालतात, आणि लपूनछपून होणारं उत्पादन व व्यापार यांना २२९१ थेट दुष्कर्मातला सहभाग म्हणतो. पण मूळ कृत्य संसदेने मंजूर केल्याने बदलत नाही. उरुग्वेने २०१३ साली कायदा केला, कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून मोकळीक आली, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत या तारखांनी एक ओळही इकडची तिकडे झालेली नाही. पोप फ्रान्सिस यांनी २० जून २०१४ रोजी अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे मौजेसाठीच्या पदार्थांना कायदेशीर करण्याच्या प्रयत्नांवर स्पष्ट टीका केली. १० वर्षांनी, २६ जून २०२४ च्या भेटीतही त्यांनी सांगितलं की मोकळीक देऊन व्यसन कमी होत नाही.

जाता जाता बायबलच्या दोन वचनांबद्दल, कारण या वादात ती हमखास निघतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने बीज देणारी प्रत्येक वनस्पती माणसाला दिली, हे पहिलं. ती अन्न म्हणून दिली, असं त्याच ओळीत आहे, आणि धोतराही बीज देतोच. दुसरं वचन विरुद्ध बाजूचे लोक काढतात: गलतीकरांस पत्रातल्या पाचव्या अध्यायातला 'फार्माकेया' हा ग्रीक शब्द म्हणजे अमली पदार्थ, असं छातीठोक सांगितलं जातं. हा शब्द चेटकासाठी आहे, काढे-औषधी वापरून केलेल्या जादूटोण्यासाठी. त्यावरून गांजाची बंदी ताणून काढणं आम्हाला पटत नाही, आणि गरजही नाही. त्याच यादीत पुढे दारूबाजी आहे, ती पुरेशी आहे. तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर करिंथकरांस पहिल्या पत्रातलं सहाव्या अध्यायातलं बारावं वचन घ्या: मोकळीक सगळ्याची असेल, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही.

आता दोषाच्या मापाकडे. कॅटेकिझमचा १८५७वा परिच्छेद मॉर्टल पापाला तीन अटी घालतो: विषय गंभीर हवा, तो गंभीर आहे याची पुरती जाणीव हवी, आणि समजून-उमजून दिलेली संमती हवी. तिन्ही एकदम. तुमच्या बाबतीत पहिली अट २२९१ नेच पुरी होते. तिसरीही बहुधा होते, तुम्ही दुकानात जाऊन विकत आणता आणि रात्रीची वाट बघता. प्रश्न दुसरीचा आहे. 'कायदेशीर आहे, कॅटेकिझममध्ये नाव नाही, म्हणजे चालत असेल' असं तुम्ही मनापासून मानत होतात का? तसं असेल तर त्या काळातला दोष कमी भरतो. की पत्नीने सांगितल्यावर शंका आली होती, आणि ती तपासली तर गोळी सोडावी लागेल म्हणून तपासलीच नाहीत? तसं अज्ञान फारसं वाचवत नाही. कुठला शनिवार कोणत्या बाजूचा, हे तुम्ही आणि तुमचे धर्मगुरू ठरवाल, वर्तमानपत्राचं सदर नाही. आम्ही एवढंच सांगू शकतो की हे उत्तर वाचल्यानंतरच्या शनिवारी 'मला ठाऊक नव्हतं' हे कारण हाताशी उरणार नाही.

सवयीबद्दलही प्रामाणिक राहा. १७३५वा परिच्छेद सांगतो की भीती, सवय, मनावरचा दाब, यांनी जबाबदारी कमी होऊ शकते. रोज ओढणाऱ्या आणि सुटता न येणाऱ्या माणसाला याचा खरा आधार आहे, आणि त्याने धर्मगुरूंइतकीच डॉक्टरांचीही वाट धरावी. आठवड्यातून एकदा, ठरवून, गजर लावल्यासारखं घेणाऱ्याने या आधारावर रेलू नये.

कम्युनियनचं उत्तर यातूनच निघतं. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, म्हणजे १९८३ च्या धर्मविधी संहितेतलं ९१६वं कलम म्हणतं, आपल्या हातून गंभीर पाप घडलंय याची जाणीव असलेल्याने कन्फेशनआधी कम्युनियन घेऊ नये. इथे 'जाणीव' हा शब्द वजनदार आहे. आजवर घेतलेल्या प्रत्येक कम्युनियनने अपमान केला, असं म्हणून कपाळ बडवून घेऊ नका. पण आता पुढच्या रविवारआधी कन्फेशनला जा, ते सोपं आणि स्वच्छ. जायला जमलं नाही, तर मिस्सेला मात्र जाच. कम्युनियन न घेता मिस्सेत बसता येतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि शेजारच्याने कारण विचारायचं नसतं. आणखी एक, कारण लोक इथे गल्लत करतात: कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास हा अन्नाचा नियम आहे. गोळी रात्री दहाला घेतली आणि उपवास मोडला नाही, म्हणून प्रश्न मिटला असं होत नाही.

कन्फेशनमध्ये काय सांगायचं? ९८८वं कलम गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या मागतं. कहाणी मागत नाही. बरेच जण कायदा, बायको, भाऊ, ताणतणाव, ब्रँडचं नाव, सगळं सांगत बसतात आणि नेमकी गोष्ट धुक्यात जाते. एवढं पुरे: "फादर, सहा महिने, जवळपास दर शनिवारी, म्हणजे साधारण पंचवीस वेळा, मी नशेसाठी गांजाची गोळी घेतली. पत्नीने चूक असल्याचं सांगूनही घेत राहिलो. अंमल पुरता उतरला नसताना दोन-तीनदा मुलांना घेऊन गाडी चालवली असावी." अचूक आकडा आठवत नसेल तर 'साधारण' चालतं. गाडीचा भाग वगळू नका, तो वेगळ्या प्रकारचा दोष आहे. पत्नीचा भाग सांगा, कारण त्यावरून जाणीव किती होती ते फादरना कळतं. हे ऐकून ते जे विचारतील त्याला एका वाक्यात उत्तर द्या. गुप्ततेची काळजी नको, कन्फेशनमधलं बाहेर नेण्याची कोणत्याही कारणासाठी मुभा त्यांना नाही.

क्वचित असंही होतं की फादर म्हणतील, "अहो, आठवड्यातून एक गोळी, एवढं मनाला लावून घेऊ नका." त्यांना प्रमाण कमी वाटलं असेल. प्रामाणिकपणे सांगायचं तर, बुद्धीवर परिणामच होणार नाही इतकी कमी मात्रा, समजा दीड-दोन मिलिग्रॅम, गंभीर मानावी का, यावर धर्मनीतीच्या अभ्यासकांत चर्चा होऊ शकते. आमचं मत असं की २२९१ च्या शब्दांत ती फट दिसत नाही. आणि व्यवहारात, नशा होत नाही एवढ्याच मात्रेवर थांबणारा गोळीवाला सहसा दुसऱ्या महिन्यात थांबलेला नसतो, कारण दोन मिलिग्रॅममध्ये त्याला हवं ते मिळतच नसतं. तुमची मात्रा १० आहे. ती चर्चा तुमच्यासाठी नाही.

आता उपचाराचं दार. टीएचसी असलेली ड्रोनॅबिनॉलसारखी औषधं केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी वापरली जातात. शुद्ध सीबीडीच्या (गांजातला दुसरा एक घटक) औषधाला अमेरिकेत २०१८ साली मिरगीच्या दोन दुर्मीळ, अवघड प्रकारांसाठी मान्यता मिळाली. असा रुग्ण पाप करत नाही, ही शंकेची जागाच नाही. उपचार आहे की उपचाराचं नाव, हे चार प्रश्नांनी कळतं: निदान कुणी केलं? मात्रा कुणी ठरवली? फायदा होतोय का हे कोण बघतंय? आणि नशा न होणारा पर्याय आधी वापरून पाहिला का? पहिल्या तिन्हींचं उत्तर 'मीच' आणि चौथ्याचं 'नाही' असेल, तर तो उपचार नव्हे. तुमच्या पत्रात 'झोपतो' हा शब्द आहे. शनिवारशिवाय झोप येत नसेल, किंवा आठवडाभराचा ताण उतरवायला दुसरं काही उरलं नसेल, तर ते डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. निद्रानाशावर वर्तनोपचार आहेत आणि ते काम करतात. नुसत्या सीबीडीने नशा होत नाही, त्यामुळे तो प्रश्न वेगळा. फक्त बाटलीवर प्रयोगशाळेची तपासणी आहे का बघा, कारण 'सीबीडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात टीएचसी निघाल्याची उदाहरणं आहेत.

'गांजा सौम्य असतो' हे मत ज्या काळात रुजलं त्या काळचा गांजाही आता राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात टीएचसी १९९५ साली सरासरी ४ टक्के होतं, २०१४ साली १२ टक्क्यांच्या आसपास. अर्क काढलेल्या प्रकारांत ते ६० टक्क्यांच्या वरही जातं. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा भासभ्रमाचा आजार असेल, तर तुमच्यासाठी धोका वाढतो, आणि मग प्रश्न मौजेचा राहतच नाही. भाऊ पंचविशीच्या आतला असेल तर त्याला हे आवर्जून सांगा, तोवर मेंदूची घडण चालू असते.

सोडताना काय होईल? आठवड्यातून एकदा घेणाऱ्याला शरीराचा त्रास बहुधा होणार नाही, शनिवारची रात्र रिकामी वाटेल एवढंच. रोज घेणाऱ्याला एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भूक मरणं, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त असतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं; झोप सुधारायला महिनाही लागतो. तुम्ही चार शनिवार मोजा. चारही सहज गेले तर उत्तम. दुसऱ्याच शनिवारी 'आज अपवाद' म्हणून मन कारण शोधू लागलं, किंवा शुक्रवारपासून डोक्यात तेच घोळायला लागलं, तर 'बाकी आठवडाभर काही घेत नाही' या वाक्याकडे पुन्हा एकदा पाहा. रात्री नऊ ते अकरा ही वेळ मोकळी सोडू नका. गाणी तीच ऐका, पण पत्नीसोबत बसून. सहा महिने त्या दोन तासांत त्या एकट्याच जाग्या होत्या, आणि पत्रात त्यांचं म्हणणं तुम्ही जेमतेम एका ओळीत उरकलंत.

भावाला उपदेश करू नका. तो घरी आला आणि खिशातून डबी काढली, तर "मी सोडलंय" एवढंच म्हणा. तुम्ही त्याला कधी स्वतःच्या पाकिटातली गोळी दिली असेल, तर मात्र तेही कन्फेशनमध्ये सांगा. दुसऱ्याला अडखळण होणं हा स्वतंत्र विषय आहे, २२८४व्या परिच्छेदापासून तो सुरू होतो.

बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी, मिस्सेच्या आधी कन्फेशन असतं. त्यासाठी निघण्यापूर्वी कपाटातली डबी संपवा, म्हणजे खाऊन नव्हे. उरलेल्या गोळ्या वरवर कचऱ्यात टाकू नका, मुलांना ती मिठाईच वाटते आणि एवढ्याशा जिवाला एक गोळीही दवाखान्यात नेऊ शकते. तशी शंका कधीही आली तर लक्षणांची वाट न बघता आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा आणि काय खाल्लं ते खरं सांगा. गोळ्या बारीक कापा, वापरलेल्या चहा-कॉफीच्या चोथ्यात कालवा, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला आणि ती पिशवी स्वतः नेऊन बाहेरच्या मोठ्या कचरापेटीत टाका. रिकामी डबीसुद्धा घरात ठेवू नका, तिच्यावर फळांची चित्रं असतात.